भांडण, गोंगाट, खरखर : ‘नॉइज’ या शब्दाचा प्रवास

रात्री मोबाइलवर काढलेला फोटो बोटांनी ताणून मोठा केला, की काळ्या आभाळात लाल-हिरवे बारीक ठिपके दिसू लागतात. फोटोग्राफर त्याला ‘नॉइज’ म्हणतो. स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकाला निवेदकाच्या आवाजामागे पंख्याची घरघर ऐकू आली, की तोही ‘नॉइज येतोय’ म्हणून मुद्रण थांबवतो. शेअर बाजाराचा अभ्यासक निर्देशांकाच्या रोजच्या किरकोळ चढउतारांना नॉइज म्हणतो आणि त्यांच्याकडे फार लक्ष देऊ नका, असा सल्ला देतो. मिरवणुकीच्या रस्त्यावर मीटर घेऊन उभा असलेला कर्मचारी ज्याची नोंद करतो, तोही नॉइजच. शब्द चौघांचा एकच. पण त्यातल्या दोघांच्या नॉइजला आवाजच नाही.

मराठीत या शब्दासाठी गोंगाट, गलका, कलकलाट, कोलाहल, खरखर असे कितीतरी शब्द आहेत, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. रेडिओत कलकलाट होत नाही आणि बाजारात खरखर होत नाही. इंग्रजीने मात्र या एकाच शब्दावर इतके अर्थ लादले, की तो रस्त्यावरून प्रयोगशाळेत, तिथून बँकेत आणि थेट न्यायालयात जाऊन पोहोचला. या सगळ्या अर्थांना बांधणारा एक धागा आहे. कशाला नॉइज म्हणायचे, हे कोणीतरी ठरवलेले असते. ठरवणाऱ्याला काय हवे आहे, यावर ते अवलंबून असते. म्हणूनच या शब्दात भांडणाला कायम जागा राहिली आहे, आणि गंमत अशी, की त्याची सुरुवातही भांडणापासूनच झाली होती.

जहाजातली मळमळ ते गल्लीतला तंटा

तेराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. तिथे त्याचा अर्थ गलका असा होता, तसाच तंटा, हमरीतुमरी असाही होता. फ्रेंचमध्ये आज आवाजासाठी ‘ब्रुई’ हा वेगळा शब्द वापरतात. ‘न्वाझ’ हा जुना शब्द जवळजवळ एकाच वाक्प्रचारापुरता उरला आहे. ‘शेर्शे न्वाझ’, म्हणजे कुरापत काढणे. इंग्रजीने त्यातला आवाज घेतला, फ्रेंचने भांडण ठेवून घेतले.

त्याच्याही मागे गेले, तर कोशकार बहुधा लॅटिनमधल्या ‘नॉशिया’ या शब्दाकडे बोट दाखवतात. हा शब्द ग्रीकमधून आला. मूळ अर्थ बोट लागणे, जहाजातल्या प्रवासात होणारी मळमळ. ग्रीकमध्ये जहाजाला ‘नाउस’ म्हणत. काही अभ्यासक त्याऐवजी अपाय या अर्थाचा ‘नॉक्सिया’ हा लॅटिन शब्द सुचवतात, त्यामुळे हा निकाल शंभर टक्के लागलेला नाही. पण पहिली व्युत्पत्ती खरी असेल, तर नॉइजचे आपल्याशीही दूरचे नाते निघते, कारण ग्रीक ‘नाउस’ आणि संस्कृत ‘नौ’ एकाच मुळाचे आहेत. आपली नौका आणि आपले नौदल हे मग नॉइजचे भाऊबंद ठरतात. मळमळीतून अस्वस्थता, अस्वस्थतेतून तंटा आणि तंट्यातून गलका, असा अर्थाचा प्रवास त्यात दिसतो.

इंग्रजीत आल्यावर हा शब्द लगेच कर्कश झाला नाही. शेक्सपिअरच्या काळी वादकांच्या ताफ्यालाही नॉइज म्हणत. ‘हेन्री द फोर्थ’ नाटकाच्या दुसऱ्या भागात स्नीक नावाच्या वादकाच्या ताफ्याचा उल्लेख याच शब्दाने येतो. ‘द टेम्पेस्ट’मधला कॅलिबन आपल्या बेटावरच्या गोड सुरांसाठीही हाच शब्द वापरतो. १६११ साली निघालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात शंभराव्या स्तोत्रात देवापुढच्या आनंदघोषाला नॉइजच म्हटले आहे. लोकांत पसरलेली अफवा हाही त्याचा एक अर्थ होता. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. संबळ-तुणतुण्यावर देवीचा जागर करतात तो गोंधळ, आणि सगळा विचका होतो तोही गोंधळच.

बॅबेज आणि पेटीवाले

शहरे वाढली तसा हा शब्द बिघडत गेला. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये नॉइज आणि भांडण पुन्हा एकत्र आले, आणि तेही कायद्याच्या पातळीवर.

चार्ल्स बॅबेज हे नाव आपण संगणकाचा पूर्वज रचणारा गणिती म्हणून ऐकतो. लंडनच्या रस्त्यांवर मात्र त्यांची ओळख वेगळी होती. दांडा फिरवून वाजवायच्या पेट्या, पितळी वाद्यांचे ताफे, ढोलवाले यांच्याशी त्यांनी वर्षानुवर्षे उभा दावा मांडला. पोलिसांना बोलावणे, वादकाच्या मागे धावणे, कोर्टात खेचणे असे सगळे त्यांनी केले. लोकही इरेला पेटले. वादक मुद्दाम त्यांच्या दाराशी येऊन वाजवू लागले. एक ताफा तर जेमतेम उसंत घेत पाच तास वाजवत राहिला. या त्रासाने आपली काम करण्याची चतुर्थांश शक्ती वाया गेली, असा हिशेब बॅबेज यांनी १८६४ च्या आपल्या आत्मचरित्रात मांडला आहे.

ते एकटे नव्हते. इतिहासकार थॉमस कार्लाइल यांनी १८५३-५४ मध्ये चेल्सीतल्या आपल्या घराच्या माथ्यावर आवाज येणार नाही अशी खास खोली बांधून घेतली. खोली फसली. जवळचे आवाज दबले, तर आजवर त्यांच्याखाली झाकलेले दूरचे आवाज कानावर येऊ लागले. अखेर मायकेल बॅस या खासदाराने पुढाकार घेतला आणि १८६४ मध्ये रस्त्यावरच्या वादकांबाबतचा कायदा झाला. घरात कोणी आजारी असेल, कोणाच्या कामात व्यत्यय येत असेल किंवा दुसरे रास्त कारण असेल, तर घरमालक वादकाला निघून जायला सांगू शकत होता. डिकन्स, टेनिसन यांच्यासारख्या लेखकांचा या मोहिमेला पाठिंबा होता.

हे भांडण आवाजापुरते नव्हते. पेटीवाल्यांत बरेच जण इटलीहून आलेले गरीब लोक होते, आणि त्यांच्याभोवती जमणाऱ्यांत नाट्यगृहाचे तिकीट न परवडणारी माणसे आणि मुले होती. घरी बसून लिहिणाऱ्याला जो व्यत्यय वाटे, ती दुसऱ्याची भाकरी होती आणि तिसऱ्याची करमणूक. कायद्याने तिघांपैकी एकाची बाजू घेतली. त्या बाजूतही तथ्य नव्हते असे नाही. आजारी माणसाला खिडकीखालची पेटी नकोच असते. पण नॉइज कोणता हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या नावावर घर आहे त्याला मिळाला, हेही तितकेच खरे.

त्याच सुमारास फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाकडून पाहिले. शुश्रूषेवरच्या १८५९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी आवाजावर एक आख्खे प्रकरण लिहिले. रुग्णाला नुसता मोठा आवाज तितका छळत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. मनात अपेक्षा किंवा धास्ती जागवणारा आवाज जास्त छळतो. दाराबाहेर डॉक्टर आणि नातेवाइकांची चाललेली कुजबुज ही त्यांच्या मते रुग्णावर केलेली क्रूरता होती, कारण आपल्याविषयीच बोलणे चालले आहे हे त्याला कळते आणि शब्द कळत नाहीत. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, कुठलेही उपकरण हाती नसताना, त्यांनी जी गोष्ट पकडली ती पुढे आलेल्या मीटरला पकडता आली नाही.

डेसिबलचे गणित

तो मीटर विसाव्या शतकात आला, तोही टेलिफोनच्या धंद्यातून. तारेवरून जाताना आवाज किती क्षीण होतो हे मोजण्यासाठी अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या अभियंत्यांनी १९२० च्या दशकात एक एकक ठरवले आणि ग्रॅहम बेल यांच्या नावावरून त्याला डेसिबल म्हटले. १९२९ मध्ये न्यूयॉर्क शहराने गोंगाट कमी करण्यासाठी आयोग नेमला, तेव्हा मोजणीची यंत्रे ट्रकवर चढवून शहरभर फिरवण्यात आली. भांडणाला प्रथमच आकडा मिळाला.

हा आकडा मात्र नेहमीच्या बेरजेने चालत नाही. डेसिबलमध्ये १० ने वाढ म्हणजे आवाजाची शक्ती दहापट; २० ने वाढ म्हणजे शंभरपट. कानाला दहा डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठी वाटते, म्हणून आकड्यातला धोका लक्षात येत नाही. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र होऊ शकतो, आणि तिथे मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० आहे. आता एखाद्या निवासी गल्लीत दिवसा १०० डेसिबल भरले, तर ते मर्यादेच्या दुपटीला जरा कमी आहे असे वाटते. प्रत्यक्षात ४५ डेसिबलचा हा फरक म्हणजे शक्तीच्या हिशेबात ३१ हजार पटींहून जास्त आहे.

हेच गणित उलट बाजूनेही लागू होते. सारख्याच ताकदीचे दहा स्पीकर वाजत असतील आणि त्यातले पाच बंद केले, तर आवाज निम्मा व्हायला हवा असे उत्सव मंडळाला वाटते. मीटर फक्त तीन डेसिबल खाली येतो. दहातले नऊ बंद केले, तर दहा डेसिबल कमी होतात. मोकळ्या जागेत एका स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले, तर साधारण सहा डेसिबल कमी होतात. म्हणून स्पीकरची संख्या मोजत बसण्यापेक्षा ते कुठे ठेवले आहेत, कोणत्या दिशेला आहेत आणि आवाज किती सोडला आहे, हे पाहणे जास्त कामाचे.

मीटरची आणखी एक मर्यादा मिरवणुकीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना ठाऊक हवी. नियमांतली मोजणी ज्या श्रेणीत होते तिला ‘ए’ श्रेणी म्हणतात. माणसाच्या कानाला खर्जातले स्वर कमी ऐकू येतात, म्हणून ही श्रेणी ते कमी धरते. ६३ हर्ट्झच्या खर्जाचे तर सुमारे २६ डेसिबल वजा होतात. खिडकीची काच थरथरते, भांडी वाजतात, छातीत धडधडते, ते याच खर्जामुळे. म्हणजे ज्या धक्क्याची तक्रार असते, त्याचाच मोठा भाग आकड्यात उतरत नाही. ‘मीटर तर इतके दाखवत नाही’ असे कोणी म्हणाले, तर तक्रारदार खोटे बोलतो असा त्याचा अर्थ होत नाही.

कायद्याने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदी घातली आहे. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात या विषयाचा सविस्तर ऊहापोह केला. बोलण्याच्या स्वातंत्र्यात, नको असलेल्याच्या कानावर जबरदस्तीने आवाज लादण्याचे स्वातंत्र्य येत नाही, हे त्याचे सार आहे. ऐकण्याची सक्ती करता येत नाही, हे तत्त्व मला या सगळ्या कायद्याचा गाभा वाटते.

तारेतली खरखर

इथपर्यंतचा नॉइज कानाचा होता. टेलिफोन आणि रेडिओ आले तेव्हा अभियंत्यांना असा नॉइज भेटला, जो कोणी केलेलाच नव्हता.

१९१८ मध्ये जर्मनीत वॉल्टर शॉट्की यांनी दाखवले, की वीज ही सलग धार नसून सुट्या इलेक्ट्रॉनांचा मारा असल्यामुळे निर्वात नळीतल्या प्रवाहात मुळातच चढउतार असणार. दहा वर्षांनी, १९२८ मध्ये, बेल प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन आणि हॅरी नायक्विस्ट यांनी आणखी मूलभूत गोष्ट मांडली. कोणत्याही तारेतले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत इकडेतिकडे धावत असतात आणि त्यातून खरखर निर्माण होते. तार कितीही चांगली घ्या, तापमान निरपेक्ष शून्यावर नेल्याखेरीज ती पूर्ण थांबत नाही. ही कारागिराची चूक नाही, निसर्गाचा नियम आहे.

रात्रीच्या फोटोतले ठिपके याच कुळातले. प्रकाशही कणाकणांनी येतो आणि ते कण नेमक्या गतीने नाही, तर पावसाच्या थेंबांसारखे वेळीअवेळी पडतात. कॅमेऱ्याच्या एका बिंदूवर सरासरी दहा हजार कण पडत असतील, तर त्यात शंभरेकांचा फरक पडतो, म्हणजे एक टक्का. डोळ्याला तो कळत नाही. अंधारात तिथे शंभरच कण पडले, तर फरक दहाचा, म्हणजे दहा टक्क्यांचा. ठिपके दिसतात ते यामुळे. कॅमेऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सचा वाटा त्यात असतोच, पण कॅमेरा कितीही महाग घेतला तरी प्रकाशाचा हा स्वभाव बदलत नाही.

अशा खरखरीला त्रास मानून तिचा बंदोबस्त करायला निघालेल्यांनी विसाव्या शतकातले दोन फार मोठे शोध लावले.

कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याला बेल प्रयोगशाळेने काम दिले होते, की अटलांटिकपलीकडे जाणाऱ्या रेडिओ टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोधा. न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे त्याने फोर्डच्या मोटारीच्या चाकांवर गोल फिरणारा भलाथोरला अँटेना उभारला. जवळच्या विजांचा कडकडाट आणि दूरच्या वादळांची खरखर ओळखू आली. उरली एक मंद, सततची सूं. ती रोज ठरावीक वेळी वाढायची, पण दररोज चार मिनिटे आधी. २४ तासांऐवजी २३ तास ५६ मिनिटे. तारे आकाशात पुन्हा त्याच जागी यायला लागणारा हाच वेळ. म्हणजे तिचा उगम सूर्यात नव्हता, पृथ्वीवरही नव्हता. ती आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून येत होती. १९३३ मध्ये त्याने ते जाहीर केले आणि रेडिओ खगोलशास्त्र जन्माला आले. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींची तीव्रता आज त्याच्याच नावाच्या एककात मोजतात.

त्याच होल्मडेलमध्ये १९६४ मध्ये आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन एका मोठ्या शिंगासारख्या अँटेनावर काम करत होते. त्यांच्या खरखरीला दिशाच नव्हती, ऋतू नव्हता, दिवस-रात्र नव्हती. अँटेनाच्या आत कबुतरांनी घर केले होते. त्यांनी कबुतरे हाकलली, विष्ठा खरवडून काढली, सांधे पुन्हा बसवले. खरखर राहिली ती राहिलीच. जवळच्या प्रिन्स्टन विद्यापीठात रॉबर्ट डिक यांचा गट विश्वाच्या जन्मानंतर उरलेल्या उष्णतेचा माग काढण्याच्या तयारीत होता. दोन्ही गटांचे बोलणे झाले तेव्हा उलगडा झाला, की महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश थंड होत होत आज जेमतेम २.७ केल्विनवर येऊन सर्व दिशांनी आपल्याकडे पोहोचतो आहे. या शोधाला १९७८ चे नोबेल मिळाले. दोघांनी ती खरखर ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून दिली असती, तर विश्वाचा सर्वांत जुना पुरावा त्यांच्या हातून निसटला असता.

या कथेचा एक धागा पुणे जिल्ह्यात येतो. नारायणगावजवळच्या खोडद इथे आणि आसपास २५ किलोमीटरच्या टापूत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती साकारली. जागा निवडताना जे पाहिले गेले, त्यात तिथे माणसाने निर्माण केलेल्या रेडिओ लहरींचा त्रास कमी आहे, हा मुद्दा महत्त्वाचा होता. इथे भांडणाचे पारडे उलटते. खोडदच्या शास्त्रज्ञांना ताऱ्यांची खरखर हवी आहे, आणि आपल्या मोबाइल टॉवरवरचा स्पष्ट, सुरेल, अर्थपूर्ण संवाद हा त्यांच्यासाठी नॉइज आहे. २०२३ मध्ये युरोपीय आणि भारतीय शास्त्रज्ञांनी स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांवरून विश्वात भरून राहिलेल्या अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडला. त्यात खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणे होती. ती लहर म्हणजे विश्वाची पार्श्वभूमीवरची गुणगुणच.

शॅनन आणि पुसलेला क्यूआर कोड

खरखर संपवता येत नसेल तर तिच्यासह जगायचे कसे, याचे उत्तर १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी दिले. तेही बेल प्रयोगशाळेतलेच. त्यांच्या सिद्धांतात नॉइज म्हणजे निरोप पाठवणारा आणि घेणारा यांच्या मध्ये घुसून निरोप बिघडवणारे काहीही. शॅनन यांनी सिद्ध केले, की प्रत्येक वाहिनीची एक क्षमता असते. त्या क्षमतेच्या आत राहून निरोप नीट गुंफला, तर खरखरीतूनही तो जवळजवळ बिनचूक पोहोचवता येतो. त्यासाठी निरोपात थोडी जास्तीची माहिती, थोडी पुनरुक्ती हेतुपुरस्सर ठेवावी लागते.

फोनवर नाव नीट ऐकू जात नसेल तर आपण ‘प, पतंगातला’ म्हणतो, ती हीच पुनरुक्ती. चहाच्या टपरीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडवर वाफ, तेल आणि बोटांचे डाग पडलेले असतात, एक कोपरा फाटलेला असतो, तरी पैसे जातात. त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत दुरुस्तीसाठी जास्तीची माहिती भरलेली असते. सर्वांत वरच्या पातळीवर कोडचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. दूर अंतराळातल्या यानांचे क्षीण संदेशही अशाच गणिताने वाचले जातात.

माणसांच्या निर्णयातला नॉइज

शॅनननंतर हा शब्द सर्वत्र पसरला. डॅनियल कानेमन, ऑलिव्हिए सिबोनी आणि कॅस सनस्टीन यांनी २०२१ मध्ये याच नावाचे पुस्तक लिहून तो माणसाच्या निर्णयांना लावला. त्यांचे म्हणणे असे, की पूर्वग्रह ही एका दिशेने होणारी चूक आहे, ती ओळखता येते. नॉइज म्हणजे एकाच प्रकरणात सारख्याच पात्रतेच्या माणसांनी दिलेली वाटेल तशी वेगवेगळी उत्तरे. एका विमा कंपनीत त्यांनी तीच प्रकरणे वेगवेगळ्या अनुभवी अधिकाऱ्यांना दिली. दोघांच्या आकड्यांत दहा टक्क्यांचा फरक पडेल, असा वरिष्ठांचा अंदाज होता. फरक निघाला ५५ टक्के. एकाने ९,५०० डॉलरचा हप्ता सांगितला तर दुसऱ्याने १६,७००, असा तो फरक. ग्राहकाचे नशीब त्याची फाइल कोणाच्या टेबलावर गेली यावर ठरत होते.

न्यायालयात हेच घडले तर ते फार गंभीर होते. मार्विन फ्रँकेल या अमेरिकी न्यायाधीशांनी १९७३ मध्ये सारख्याच गुन्ह्यांना मिळणाऱ्या भिन्न शिक्षांवर पुस्तक लिहिले आणि त्यातून पुढे शिक्षेची मार्गदर्शक सूत्रे आली. लगेच वाद उभा राहिला. एका बाजूला सूत्रे म्हणजे समान न्याय होता. दुसऱ्या बाजूला अनेक न्यायाधीश म्हणत होते, की आरोपीची परिस्थिती पाहून शिक्षा कमी-जास्त करणे हा नॉइज नाही, तोच न्याय आहे. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सूत्रे बंधनकारक न ठेवता केवळ सल्ल्यापुरती ठेवली. नॉइज कोणता आणि निवाडा कोणता, हा प्रश्न तिथेही सुटला नाही.

तानपुऱ्याचा नॉइज

हा प्रश्न किती साध्या जागी येऊन ठेपतो, ते २०२० च्या टाळेबंदीत गाणे शिकणाऱ्या घराघरांत दिसले. क्लास ऑनलाइन भरू लागले. गुरू तानपुरा लावून बसत आणि शिष्याला त्यांचा आवाज ऐकू येई, तानपुरा मात्र मध्येच बुडे, मध्येच येई. व्हिडिओ कॉलच्या प्रणालीत बोलण्याखेरीजचा सततचा, एकसुरी आवाज ओळखून पुसायची सोय असते. ती कार्यालयीन बैठकांसाठी केलेली, पंखा आणि एसीची घरघर काढण्यासाठी. तिच्या लेखी पंखा आणि तानपुरा सारखेच : दोन्ही संथ, अखंड, न बदलणारे. आपल्या गाण्यात मात्र सगळे उभे राहते ते त्या अखंड सुरावर. मूळ आवाज जसाच्या तसा जाऊ देण्याची सेटिंग शोधून काढली, तेव्हा कुठे षड्ज स्थिर झाला.

यात यंत्राचा दोष नव्हता. त्याला सांगितलेले काम ते चोख करत होते. पण काय नको हे ठरवताना समोर कोण बसले आहे, याचा विचार करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तानपुरा आलाच नव्हता.

कोणाच्या कानाने?

माझ्या मते या आठशे वर्षांच्या प्रवासातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत, आणि त्या एकमेकींना आवर घालतात.

जिथे आवाज शरीराला इजा करतो, झोप मोडतो, आजाऱ्याला त्रास देतो, तिथे पहिला शब्द सोसणाऱ्याचा असला पाहिजे. श्रद्धा, उत्साह, परंपरा ही कारणे खरी असतील, पण ती आवाज करणाऱ्याची कारणे आहेत. बाळंतीण, परीक्षेचा विद्यार्थी, रात्रपाळी करून दिवसा झोपणारा कामगार यांनी हात जोडून विनंती करावी आणि आपण ती उदारपणे मान्य करावी, ही रीत चुकीची आहे. मर्यादा कायद्याने आखलेली आहे आणि ती पाळली जाणे हा त्यांचा हक्क आहे.

पण दुसऱ्याच्या म्हणण्याला ‘हा नुसता गोंगाट आहे’ असे म्हणून बाजूला सारण्याची वेळ येते, तेव्हा उलटा नियम हवा. मोर्चाच्या घोषणा, ग्रामसभेतला आरडाओरडा, वर्गातल्या शेवटच्या बाकावरची कुजबुज, आकडेवारीत न बसणारा एखादा आकडा, यांना नॉइज म्हणणे फार सोयीचे असते. जान्स्कीने आपली सूं सोडून दिली नाही, कारण तिचा उगम त्याला सापडला नव्हता. पेन्झियस आणि विल्सन यांनी कबुतरांची विष्ठा खरवडली ती याच हट्टापायी. उगम कळल्याशिवाय कशालाही निरर्थक ठरवायचे नाही, ही शिस्त विज्ञानाला खरखरीने शिकवली आहे, आणि सार्वजनिक जीवनाने ती उचलायला हवी.

मीटर आपल्याला आकडा देतो आणि गणित क्षमता सांगते. पण एखादी गोष्ट नॉइज आहे असे कोणी ठामपणे सांगितले, की ती कोणाच्या कानाला, कोणाच्या कामाला आणि कोणाच्या सोयीसाठी, हे विचारणे आपल्याच हाती आहे. ते विचारले की वाद होईल. होऊ द्यावा, कारण लादलेल्या शांततेपेक्षा तो वाद जास्त प्रामाणिक असतो.